मी जोशी नव्हतोच

मिलिंद बोकीलांची 'शाळा' ही कादंबरी 2004 साली आली, माझ्या हातात पडली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि वाचून झाल्यावर सगळे म्हणतात तेच मीही म्हणालो, अरे ही तर माझीच गोष्ट. परवा पुन्हा वाचायला घेतली तर कळलं की साफ थाप होती ती.

आता तिच्यातला हिरो मुकुंद जोशी बघा. नववीतलं पोरगं, पण त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर कधी निघणार, कुठून येणार, बरोबर कोण असणार, सगळा हिशोब डोक्यात पक्का. माझी मजल पाण्याच्या टाकीपर्यंत. मधल्या सुट्टीत कर्णिक तिथे यायची म्हणून मी तहान नसताना तीन-तीनदा पाणी प्यायचो आणि पुढच्या तासाला बाई बाहेर सोडायच्या नाहीत, ते हाल वेगळेच. एकदा ती अगदी शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "झालं का?" मी दचकून बाजूला झालो तो नळावर हात तसाच ठेवून, बाही कोपरापर्यंत भिजली, ती पाणी प्यायली आणि गेली. वर्षभरात आमचं एवढंच बोलणं झालं, दोन शब्द, तेही दोन्ही तिचेच.

जोशीच्या सुऱ्या, चित्र्या, फावड्यासारखी गँग पण नव्हती. एकच मित्र, तोही सायकल स्टँडवर उभा राहून भूमितीची प्रमेयं म्हणायचा.

कादंबरीत मागे आणीबाणी चालू असते आणि ती या पोरांपर्यंत मोठ्यांच्या बोलण्यातून अर्धीमुर्धी पोचते. आमच्या नववीत, 1996 ला, वर्ल्डकपची सेमीफायनल हरलो, ईडन गार्डन्सवर मॅच पुरी पण झाली नाही, श्रीलंकेला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी वर्गात सुतक. देशात बाकी काय चाललं होतं ते आम्हाला विचारू नका.

शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते (वाचली नसेल तर सॉरी, पण इतक्या वर्षांत वाचायला हवी होती राव). ते वाचून पहिल्यांदा घशात आलं होतं. पण माझी कर्णिक कुठेच गेली नव्हती, दहावीला त्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर, रोज. म्हणजे मला तर विरहाचंही निमित्त नव्हतं!

मग जुळलं काय? तर आडनावं. जोशीसाठी ती शिरोडकरच असते, आमच्याकडेही पोरी म्हणजे नुसती आडनावं, पहिलं नाव फक्त हजेरीत ऐकू यायचं आणि तेव्हा आपलं लक्ष आपल्या 'हजर'कडे. त्यामुळे शाळेचा व्हॉट्सॅप ग्रुप निघाला तेव्हा माझी पंचाईत झाली. सगळ्या पोरी पहिल्या नावाने आणि नव्या आडनावाने हजर, एकही ओळखू येईना. रोज गुड मॉर्निंगची फुलं टाकणाऱ्या कुणा अनघाला मी चक्क म्यूट करून ठेवलं होतं. तीन महिन्यांनी भूमितीवाला म्हणाला, अरे म्यूट काय करतोस, कर्णिक आहे ती.

मध्ये तिनेच मेसेज केला. सॉरी हं, आठवत नाहीये, तू कुठल्या बाकावर बसायचास? मी 'टाकीजवळ' असं टाइप केलं, मग खोडलं आणि शेवटून दुसऱ्या असं कळवलं. नंबर मात्र सेव्ह केलाय तो कर्णिक म्हणूनच.