साडेतीनला भरलेला आठचा रकाना

आईला केअर सेंटरमध्ये ठेवून दोनेक महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी साडेतीनला पोचले तर ही झोपलेली, उठवायचं जिवावर आलं, म्हणून खुर्ची ओढून बसले आणि उगाच चाळा म्हणून पलंगाला अडकवलेला चार्ट हातात घेतला. कूस बदलल्याचा चार्ट. दर २ तासांचा रकाना, डावी, पाठ, उजवी, समोर टिक आणि सही. एकदम व्यवस्थित भरलेला. इतका व्यवस्थित की संध्याकाळी ६ आणि रात्री ८ चा रकाना पण भरून झाला होता!

आधी हसूच आलं खरंतर. मग सिस्टरना हाक मारली, आईला कुशीवर घेतलं आणि गाऊन वर करून पाहिलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. सिस्टरनी बोट दाबलं आणि उचललं. नॉर्मल लाली असेल तर बोट उचलल्यावर क्षणभर पांढरं पडतं आणि परत लाल होतं, हिचं पांढरं पडलंच नाही. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली स्टेज. कातडी फाटलेली नसते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि वर्ण सावळा असेल तर लालीसुद्धा धड दिसत नाही, मग हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा तिथे गरम किंवा कडक लागतंय का. मी तर चोळून द्यायला निघाले होते, सिस्टरनी हात धरला. चोळायचं नाही, आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळून ते आणखी खराब होतं. मधे भोक असलेली ती गोल उशी पण नको म्हणाल्या, तिच्या कडांचा दाब पडून रक्तपुरवठा अजूनच अडतो.

आता माझा स्वभाव बघता मी तिथल्या तिथे आईची देखभाल करणाऱ्या मावशींवर तुटून पडायला हवं होतं, आणि पडलेच थोडीशी, खोटं कशाला बोलू. त्या बिचाऱ्या खाली मान घालून उभ्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, रात्री मी एकटी असते, चौदा जणं आहेत." घरी येऊन गणित मांडलं. एका माणसाची कूस बदलायची, डायपर बघायचा, ओला असेल तर बदलायचा, उशा लावायच्या, टाचा गादीवरून अधांतरी करायच्या, हे सगळं नीट करायचं तर १० मिनिटं कुठे गेली नाहीत. चौदा जणांचे झाले १४० मिनिटं. आणि रकाना १२० मिनिटांचा. म्हणजे बाई रात्रभर एक सेकंद न बसता फिरत राहिली, कोणी बेल वाजवली नाही, कोणी पडलं नाही, तरी तो चार्ट खरा भरताच येत नाही! मग काय करणार, ड्युटीवर आल्या आल्या सगळ्या टिका मारून मोकळं व्हायचं.

दुसरी गोष्ट त्यातूनच कळली. आई दिवसाढवळ्या इतकी गाढ झोपते कशी? विचारल्यावर कळलं की रात्री आरडाओरडा करते म्हणून झोपेला गोळी चालू केलीये. आम्हाला न विचारता. ती अँटिसायकोटिक, म्हणजे गंभीर मानसिक आजारांवर देतात तसली, निघाली. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांना या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो अशी ठळक ताकीद अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००५ सालीच नव्या पिढीच्या गोळ्यांवर छापायला लावली आणि २००८ मध्ये जुन्या गोळ्यांवर पण. कधी द्यावी लागतेच, ते मान्य, पण आधी का ओरडतेय ते तर बघा? दुखतंय, लघवीत इन्फेक्शन आहे, पोट साफ नाही, काहीही असू शकतं. आणि गुंगीतला माणूस स्वतःहून जो थोडाफार हलतो तोही हलायचा थांबतो. म्हणजे डाग आणि गोळी, दोघं एकमेकांना पोसत होते.

मग वाचत बसले (रात्री २ ला फोनवर वाचलेलं सगळं भयंकर वाटतं हे वेगळं). ब्रेडन स्केल म्हणून एक प्रकार आहे, १९८७ पासूनचा, जाणीव, ओलावा, हालचाल वगैरे ६ गोष्टींना मार्क द्यायचे, ६ ते २३, साधारण १८ किंवा त्याखाली आलं की बेडसोरचा धोका. हा ॲडमिशनच्या दिवशीच काढायला हवा होता. आमच्याकडे ॲडमिशनच्या दिवशी काय दाखवलं? लॉबी, टीव्हीची खोली, मागची बाग. आणि आम्ही पण बाग बघून खूश, बाई ज्या पलंगावरून उतरू शकत नाही तिला बाग काय कामाची!

अजून एक, २०१३ साली नर्सिंग होममधल्या लोकांवरच एक अभ्यास झाला, चांगल्या हाय-डेन्सिटी फोमच्या गादीवर २, ३ आणि ४ तासांनी कूस बदलली तर बेडसोर होण्यात फरक पडला नाही. म्हणजे आधी गादी बघा. चांगल्या गादीवर ३ तासांनी खरंच बदललेली कूस मला चालेल, कागदावरची २ तासांची नको.

मॅनेजरांशी बोललो. पहिल्यांदा "आमच्याकडे सगळं प्रोटोकॉलप्रमाणे होतं" वगैरे झालं, मग भाऊ चौदा गुणिले दहा कागदावर लिहून गप्प बसला. पंधरा दिवसांनी रात्रीला अजून एक बाई आली. गादी बदलली, डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. डाग जायला आठवडाभर लागला, वेळेत सापडला म्हणून.

अजूनही गेले की आधी आईच्या टाचा बघते, मग चार्ट. मागच्या आठवड्यात रात्री २ च्या रकान्यात टिक नव्हती, बाजूला वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, "७ नंबरचे आजोबा पडले, उशीर, ३.१०". मावशींना म्हटलं, हे असंच लिहीत जा.