पानशेतचं पाणी की मोरीचं?

आठ जुन्या फोटोंचा गठ्ठा एकदाचा सुटला. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी नटबोल्टांच्या ढिगाशेजारी मिळाला होता, दीडशे रुपयांत. फोटो चिक्कीसारखे एकमेकांना चिकटलेले आणि सगळ्यांच्या खालच्या कडेला एकाच उंचीवर तपकिरी रेघ. पुण्यात असा डाग दिसला की डोक्यात एकच तारीख येते, १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटून शहरात पूर आला तो दिवस. त्यात वरच्याच फोटोत दुकानाच्या पाटीवर भाव ‘नये पैसे’मध्ये. रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ सुरू झाले १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे फोटो त्यानंतरचा. आणि नावातलं ‘नये’ गेलं जून १९६४ मध्ये. (पाट्या कोण लगेच रंगवून घेतो म्हणा.) पानशेतच्या पुरातून वाचलेले फोटो, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

चिकटलेले फोटो ओढू नका. ताटात साधं थंड पाणी घेऊन गठ्ठा बुडवून ठेवला; अर्ध्या तासाने फोटोंवरचा जिलेटिनचा थर फुगला आणि फोटो आपोआप सरकू लागले. मग टिपकागदावर चित्राची बाजू वर करून वाळवले. चूक माझी एकच, पण मोठी: वरच्या फोटोच्या मागचा मजकूर आधी उतरवून घेतला नव्हता. तिथे शाईत दोन ओळी होत्या. पाणी निळं झालं तेव्हा लक्षात आलं. पेन्सिलीचं अक्षर मात्र सगळीकडे शाबूत राहिलं.

उरलेल्या सातांपैकी सहा फोटोंत सांगण्यासारखं काही नाही. सातवा, पोस्टकार्डाएवढा, बारशाचा. मागे पेन्सिलीने ‘बारसं’ एवढंच. पाळणा, त्याला हत्ती-मोरांच्या पितळी साखळ्या, भोवती बायका, आणि मागच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’. इथेच माझं पानशेत वाहून गेलं, कारण कालनिर्णय निघालं १९७३ साली. रेघ तर या फोटोवरही तीच, त्याच उंचीवर. म्हणजे गठ्ठा भिजला तो पुरानंतर बऱ्याच वर्षांनी, बहुधा कुठल्यातरी मोरीशेजारच्या कपाटात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण कॅलेंडर सोडवेना. महिना आणि साल एका मावशींच्या अंबाड्यामागे लपलेलं. १२०० डीपीआयला स्कॅन केल्यावर रविवारची आडवी रांग वाचता आली: १, ८, १५, २२, २९. आणि २९ च्या खाली, सोमवारच्या रांगेत, ३० नाही! एकोणतीस दिवसांचा, रविवारी सुरू होणारा महिना म्हणजे लीप वर्षातला फेब्रुवारी, आणि तो येतो साधारण २८ वर्षांनी एकदा. १९४८ ला कालनिर्णय नव्हतं, २००४ ला असा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट कोण काढणार? उरलं १९७६. आमच्या घरी पान उलटायचं दोन-दोन महिने राहतं, म्हणून ‘फेब्रुवारी किंवा थोडं पुढे’ एवढंच वहीत लिहिलंय.

बुधवारी पुन्हा बाजारात गेलो. विक्रेत्याला घर आठवेना, पेठही आठवेना. साखळ्या दाखवल्या तर म्हणाला, ‘‘ह्या होत्या की त्याच मालात. मोडीत घातल्या, साहेब.’’