मशीन ठीक, मग पैसे कुठे जातात?

तक्रार एवढीच होती: ६५ किलोवॅटचं मायक्रोटर्बाइन, म्हणजे गॅसवर वीज बनवणारं छोटं टर्बाइन, ५१ च्या वर जात नाही, गॅसचं बिल परवडत नाही, तेव्हा मशीन सदोष आहे का ते तपासून लिहून द्या. जागा मोठी लॉन्ड्री, दिवसरात्र गरम पाणी लागणारी. अशा मशीनला याहून चांगली जागा सापडणं कठीण.

मशीन सुरेख चाललं होतं. एकच शाफ्ट, त्यावरच कंप्रेसर, टर्बाइन आणि जनरेटर. मिनिटाला ९६,००० फेरे, आणि शाफ्ट हवेच्या पातळ थरावर तरंगत असल्याने बेअरिंगला तेलाचा थेंब लागत नाही. कॅबिनेटवर हात टेकवला तर कंपन जेमतेम कळत होतं. एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या, उष्णतेने कंप्रेसरकडून आलेली हवा तापवणाऱ्या रिक्युपरेटरची तापमानंही बरोबर.

मग १४ किलोवॅट गेले कुठे? पाटीवरचा आकडा १५ अंशांच्या हवेसाठी असतो. त्या दुपारी बाहेर ३८ होतं, आणि हवा आत घेणाऱ्या इनलेटच्या जाळीपाशी थर्मोकपल धरला तर ४४! खोलीतली गरम हवा बाहेर फेकणारा पंखा इनलेटच्या शेजारीच बसवलेला. गरम हवा विरळ असते, टर्बाइनमधून कमी वस्तुमान जातं, शक्ती घटते. कोणत्याही गॅस टर्बाइनचं हेच होणार.

बिलाचं गणित आणखी वेगळं. माहितीपत्रकातली कार्यक्षमता निम्न उष्मांकावर (जळताना बनणाऱ्या वाफेतली उष्णता न धरता) काढलेली, तर इथलं गॅसचं बिल उच्च उष्मांकावर (ती धरून). नैसर्गिक वायूत हा फरक सुमारे १० टक्के. शिवाय गॅसचा दाब वाढवणारा बूस्टर ४ किलोवॅट खात होता. छापील २९ टक्के, त्या दुपारी बिलाच्या हिशेबाने २२. खरेदीच्या वेळच्या तक्त्यात यातलं काहीच धरलं नव्हतं. बाराही महिने पूर्ण लोड आणि थंड हवा गृहीत धरणारे तक्ते बनवणाऱ्यांना उन्हाळ्यात साइटवर उभं करायला हवं.

खरा घोळ मात्र छतावर होता. नुसत्या विजेसाठी हे मशीन त्याच मापाच्या चांगल्या गॅस इंजिनापुढे टिकत नाही. ते परवडतं ते ३०० अंशांच्या आसपासच्या एक्झॉस्टमुळे, त्यावर पाणी तापवलं तर. इथे बायपास डॅम्पर, म्हणजे एक्झॉस्ट पाण्याकडे न नेता थेट बाहेर सोडणारी झडप, सताड उघडा. शंभराहून अधिक किलोवॅट उष्णता सरळ आकाशात, आणि खाली जुना बॉयलर वेगळा गॅस जाळतोय!

डॅम्पर बिघडला असेल म्हणून पाइप हाताळत मागे गेलो. परतीचं पाणी आधी बॉयलरमधून जाऊन मग एक्झॉस्टची उष्णता पाण्याला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरला येत होतं. आत येतानाच ८२ अंश. पाणी उकळू नये म्हणून कंट्रोलर डॅम्पर उघडायचा, आणि ते अगदी बरोबर करायचा. क्रम उलटा केला की बॉयलरला फक्त उरलेली कमतरता भरावी लागेल. चार व्हॉल्व्ह आणि थोड्या पाइपांचं काम.

हे सगळं अहवालात मोजमापांसह लिहिलं. बैठकीत पुरवठादाराने ‘मशीन निर्दोष’ एवढंच वाक्य मोठ्याने वाचलं. मालकांनी विचारलं, ‘‘साहेब, मशीन चांगलं, तर माझे पैसे का बुडतायत?’’ मी पाइपांचा आराखडा पुढे सरकवला. पुरवठादाराची हद्द मशीनच्या फ्लॅंजपर्यंत (पाइप जोडायच्या कडेपर्यंत), प्लंबिंगवाल्याची बॉयलरपर्यंत. मधला क्रम कोणाच्याच करारात नव्हता. मालकांनी तूर्त रात्री मशीन बंद ठेवायचं ठरवलंय. मी विरोध केला, कारण हवेवरची बेअरिंगं झिजतात ती चालू-बंद करतानाच. पाइपांच्या खर्चावर अजून कोणाची सही झालेली नाही.