कॉलर्ड किंगफिशर प्रोजेक्ट: अंदमानचा टप्पा पूर्ण

मंडळी, अंदमान झालं एकदाचं! ग्रुपवर नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, भारतात कॉलर्ड किंगफिशर या खंड्याच्या चार उपजाती मिळतात. रत्नागिरीपासून खाली केरळपर्यंतच्या खाड्यांमधली विदाली, सुंदरबनकडची ह्यूमी, अंदमानची डेव्हिसोनी आणि निकोबारची ऑक्सिपिटॅलिस. चारही उपजातींचे तीन-तीन प्रकारचे फोटो करायचे, निवांत बसलेला, शिकार करताना आणि ओरडताना, असा प्लॅन आहे. विदालीचं काम गोव्यात झुआरीच्या बोटीतून झालंय, आता डेव्हिसोनी पण झाली.

पहिली गोष्ट म्हणजे अंदमानात हा पक्षी शोधावा लागत नाही. आपल्याकडे विदाली बघायची तर होडी करून खारफुटीत शिरायला लागतं, खाडी सोडून तो आत फारसा येतच नाही. तिथं मात्र विजेच्या तारेवर, नारळीच्या बागेत, घरांच्या कुंपणावर, जिथं बघाल तिथं हाच. आपल्याकडे विहिरीजवळ तारेवर जो नेहमीचा पांढऱ्या गळ्याचा खंड्या बसतो ना, त्याची जागा तिथं यानं घेतलीये असं म्हणायला हरकत नाही. पांढऱ्या गळ्याचा पण आहे तिथं, आपल्यापेक्षा गडद चॉकलेटी, पण डोळ्यात भरतो तो हाच.

जागा म्हणाल तर पोर्ट ब्लेअरजवळचं सिप्पीघाट. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन साधारण मीटरभर खचली, त्सुनामीनंतर समुद्राचं पाणी भातशेतीत शिरलं ते शिरलंच. शेतं गेली, लोकांचं फार नुकसान झालं, ते बघताना आजही वाईट वाटतं. पण त्या खाऱ्या पाण्यात आता पाणथळ तयार झालीये, वाळलेल्या झाडांचे खुंट उभे आहेत, आणि खंड्याला बसायला याहून चांगली जागा नाही. खाली चिखलात खेकडे, वर मोकळी फांदी, मागं दूरवर गडद खारफुटी, म्हणजे बॅकग्राउंड आपोआप स्वच्छ मिळतं.

आता मुद्द्याचं. शिकारीचे फोटो पाहिजेत तर लेन्सच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. हा खंड्या नाव किंगफिशर असलं तरी किनाऱ्यावर मुख्यतः खेकड्यांवर जगतो, आणि खेकडे चिखलावर येतात ते ओहोटीला. भरतीला तो बागेत जाऊन किडे-सरडे बघत बसतो, तेव्हा फांदीवरचे पोर्ट्रेट मिळतात, ॲक्शन नाही. कोकणातलं तिथीवरून भरती काढायचं गणित तिथं लावू नका, पोर्ट ब्लेअरचे तक्ते वेगळे असतात. मी ओहोटी सकाळी सहा-सातला येईल असेच दिवस निवडले, कारण तिथं घड्याळ आपलंच पण सूर्य लवकर, जानेवारीत पावणेसहाच्या आसपास उगवतो, आठ वाजेपर्यंत ऊन कडक होतं आणि याची पांढरी छाती फोटोत जळायला, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसायला लागते.

जो सिक्वेन्स हवा होता तो असाच मिळाला. पक्षी खुंटावर एकदम स्थिर, फक्त मान थोडी खाली, मग सरळ चिखलावर झेप आणि चोचीत खेकडा एका पायाला धरलेला. परत खुंटावर येऊन त्यानं तो डावीकडे आपटला, उजवीकडे आपटला, धुणं आपटतात तसा, नांगी तुटून उडाली, मग दुसरी, मग अंग उलटंसुलटं करून गिळलं. नंतर चोच फांदीला घासून पुसली. फ्रेममध्ये खालच्या चोचीचा बुडाकडचा फिकट गुलाबी भाग आणि डोळ्यापुढचा पांढरा ठिपका दोन्ही स्पष्ट आलेत, ते बघून जो आनंद झाला तो इथं लिहून सांगता येणार नाही.

सेटिंग विचारणार म्हणून सांगतो, शटर १/२५००, ऑटो आयएसओ, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम थोडा गडद ठेवायचा) -०.७ ते -१. गडद खारफुटीपुढे कॅमेरा पांढरा रंग हमखास ओव्हर करतो, त्यामुळे हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघत राहा, पिसांचं डिटेल गेलं की एडिटिंगमध्ये परत येत नाही. प्री-कॅप्चर (बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या क्षणांचे फोटोही साठवणारी सोय) असेल तर चालूच ठेवा, झेपेच्या आधी तो काही इशारा देत नाही. एसी रूममधून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, बॅगेतच अर्धा तास ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरते. खारा वारा आहे, रोज संध्याकाळी गिअर पुसायचाच.

रंगावरून विदाली आणि डेव्हिसोनीची तुलना मी अजून करत नाहीये. एकच पक्षी सावलीत हिरवा आणि उन्हात निळा दिसतो, त्यामुळे सारख्या उजेडातले फोटो शेजारी ठेवूनच काय ते बोलेन. निकोबारचा मात्र ओळखायला सोपा आहे, भुवईचा बदामी पट्टा पार मानेपर्यंत जातो. पण तिकडं पर्यटक म्हणून सहज जाता येत नाही, खास परवानगी लागते, आणि आदिवासींचा प्रदेश आहे तर ते नियम असायलाच पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून तो टप्पा शेवटी.

पुढचं सुंदरबन. तिथं बोटीतूनच शूट करायचं आहे, ट्रायपॉडचा उपयोग नाही, तर ज्यांनी तिकडे ५०० किंवा ६०० एमएमची लेन्स हातात धरून काम केलंय त्यांनी बोट कुठल्या साइजची घ्यावी आणि बसायची जागा पुढची की वरची, हे जरूर सांगा.