समोरून उत्तर आलंच नाही तर?

मंगळवारी दुपारी लाइट गेली ती रात्री साडेनऊला आली. कुठेतरी तारेवर माड पडला होता. आषाढात आमच्या गुहागर तालुक्यात हे नवीन नाही. इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंत पुरला, पण मला त्या दिवशी मशीन लागणारच नव्हतं. आदल्या दिवशी बाजाराला गेले तेव्हा लिनक्सच्या कर्नलसाठीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठीच्या) सात पॅचची, म्हणजे कोडमधल्या सात बदलांची, सीरीज झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली होती, २३ पानं. पडवीत झोपाळ्यावर बसून पेन्सिलने रिव्ह्यू केला. लॉकचा, म्हणजे एका वेळी एकानेच डेटाला हात लावावा म्हणून घातलेल्या कुलपाचा, कोड मी कागदावरच वाचते. स्क्रीनवर डोळा खाली घसरत जातो. कागदावर एका पानात बोट ठेवून दुसरं पान उघडता येतं, लॉक कुठे घेतलं आणि कुठे सोडलं याच्या रेघा ओढता येतात.

सीरीज होती सर्व्हरच्या बीएमसीशी बोलणाऱ्या ड्रायव्हरची, म्हणजे कर्नलच्या त्या तुकड्याची. बीएमसी म्हणजे सर्व्हरच्या बोर्डावरच बसवलेला दुसरा छोटा कॉम्प्युटर. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी. सर्व्हर बंद असला तरी प्लगला वीज आहे तोवर हा जागा असतो. पंखे, तापमान, व्होल्टेज यांच्यावर नजर ठेवतो, लांबून सर्व्हर चालू-बंद करू देतो. मालक घरी झोपला तरी आंब्याच्या बागेत राखणीचा गुरखा जागा असतो, तसं. अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी माझं काम याच शब्दांत सांगितलं होतं. त्यांनी लगेच विचारलं, "आणि गुरखाच झोपला तर गो?"

माझं निम्मं काम या एका प्रश्नाचं आहे.

दोघांच्या बोलण्याची भाषा जुनी आहे. आयपीएमआय हे मानक इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून १९९८ साली आणलं, २.० आवृत्ती २००४ ची. आता रेडफिश हे नवं मानक आलंय, पण सर्व्हरच्या आतून, ऑपरेटिंग सिस्टिमकडून बीएमसीला हाक मारायची तर बऱ्याच ठिकाणी अजून केसीएस हाच रस्ता आहे. कीबोर्ड कंट्रोलर स्टाइल असं त्याचं पूर्ण नाव, कारण पद्धत जुन्या पीसीच्या कीबोर्ड कंट्रोलरची आहे. दोन पोर्ट असतात. एकावर डेटा, दुसऱ्यावर स्थिती. एक बाइट ठेवायचा, समोरच्याने तो उचलला का ते स्थितीच्या बिटवरून बघायचं, उचलला की पुढचा ठेवायचा. शेवटच्या बाइटआधी 'आता संपलं' असा वेगळा कोड द्यायचा. उत्तर येतं तेही असंच, एकेक बाइट. पुष्कळ बोर्डांवर इंटरप्टची, म्हणजे बीएमसीने आपणहून हाक मारायची, जोडणीच नसते, तेव्हा ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा डोकावून बघावं लागतं. बीएमसीने बाइट उचललाच नाही तर लिनक्सचा ड्रायव्हर ५ सेकंद वाट बघतो. ज्या प्रोसेसरला एक मायक्रोसेकंदही भरपूर, त्याच्यासाठी ५ सेकंद म्हणजे युग.

बीएमसी गप्प होतो, आणि तेही वरचेवर. त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदलताना होतो, त्याची स्वतःची मेमरी भरली की होतो, एखाद्या वेळी काहीच कारण कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे फर्मवेअर अपडेटनंतर सर्व्हरचं लोड ॲव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी) चढत चढत तीनशेच्या वर गेलं होतं आणि सीपीयू मात्र जवळजवळ रिकामे होते. दर मिनिटाला तापमान विचारणारी स्क्रिप्ट येत होती, ड्रायव्हरमध्ये अडकत होती, पुढच्या मिनिटाला तिच्या मागे आणखी एक. अशा, झोपेतून न उठणाऱ्या प्रोसेसही लिनक्स लोडमध्ये मोजतो. सक्तीने मारायच्या 'किल मायनस नाइन' या आदेशालाही त्या दाद देत नाहीत. लॉगमध्ये '१२० सेकंदांहून जास्त काळ अडकलेली' अशा ओळींची माळ लागली होती. सर्व्हरचं मुख्य काम नीट चालू होतं, तरी शेवटी तो रीबूट करावा लागला. तिथे एक बँकिंगचं काम चालत होतं. ती रात्र मी विसरलेले नाही.

मागच्या पावसाळ्यात अप्पांना घेऊन दाभोळपलीकडे दापोलीला जायचं होतं. धोपाव्याच्या जेटीवर गाडी पुरती उभीही राहिली नव्हती, तेवढ्यात तिकिटाच्या माणसाने लांबूनच हात हलवला. "फेरी नाही आज, वारा लय आहे. चिपळूणवरून जा." आम्ही तिथल्या तिथे गाडी वळवली. रस्ता लांबचा पडला, पण दुपारपर्यंत पोहोचलो. त्याने काही न सांगता आम्हाला जेटीवर बसवून ठेवलं असतं तर दिवस गेला असता. कर्नलमध्ये ड्रायव्हरने नेमकं त्या माणसाचं काम करायला हवं. काम होणार नसेल तर ते लवकर आणि स्पष्ट सांगायचं. एरर कोड हातात पडला की वरचा प्रोग्राम आपला चिपळूणचा रस्ता शोधतो.

तिसरा पॅच हेच करू पाहत होता. बीएमसी गप्प झाला असं ठरलं की रांगेत थांबलेले सगळे संदेश एरर लावून ज्याचे त्याला परत करायचे. पॅच लिहिणारा आमच्या टीममधला पुण्याचा मुलगा, कामाला येऊन दोनच वर्षं झालीत, आणि हा भाग त्याने स्वतःहून मागून घेतलाय. कल्पना बरोबर होती. घोटाळा टायमरपाशी होता.

पाठवलेल्या प्रत्येक संदेशामागे मुदतीचा हिशेब असतो आणि तो एक टायमर बघतो. मुदत टळलेला संदेश टायमरचं फंक्शनही एरर लावून परत करतं. म्हणजे संदेश परत करणारे आता दोघे झाले. पहिल्या आवृत्तीत त्याने टायमर नुसता रद्द केला होता. पण त्याच क्षणी ते फंक्शन दुसऱ्या सीपीयूवर आधीच चालू असेल तर? रद्द करण्याचा त्याच्यावर काही परिणाम नाही. एकच संदेश दोघे परत करणार, पहिला मेमरी सोडणार, दुसरा सोडलेल्या मेमरीत हात घालणार. मी हे लिहून कळवलं. दुसऱ्या आवृत्तीत त्याने 'सिंक'वालं फंक्शन वापरलं, जे चालू हँडलर, म्हणजे टायमरचं तेच फंक्शन, संपेपर्यंत थांबतं. मात्र ते त्याने स्पिनलॉक (जो मिळेपर्यंत सीपीयू जागीच फिरत राहतो असा लॉक) धरून ठेवूनच बोलावलं होतं, आणि हँडलरची पहिलीच ओळ तोच लॉक मागते. हा हँडलरसाठी थांबला, हँडलर लॉकसाठी थांबला. बीएमसी गप्प झाल्यावर मशीन अडकू नये म्हणून लिहिलेला पॅच स्वतःच मशीन अडकवत होता.

मंगळवारी माझ्या हातात होती ती तिसरी आवृत्ती. पेन्सिलने मी प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट लिहीत गेले: या घडीला हा संदेश कोणाचा? ड्रायव्हरचा की टायमरचा की मागणाऱ्याचा? अकराव्या पानावर गोष्ट सरळ झाली. लॉक धरून त्याने 'बंद होतोय' अशी खूण केली होती, अख्खी रांग उचलून आपल्या खाजगी यादीत घेतली होती, लॉक सोडला होता, मग टायमर संपेपर्यंत थांबला होता, आणि त्यानंतर एकेक संदेश परत केला होता. लॉकखाली ज्याने संदेश रांगेतून काढला त्याचा तो झाला, दुसऱ्याला तो दिसणारच नाही. परत करताना लॉक हातात नाही हेही महत्त्वाचं, कारण ज्याला उत्तर मिळतं तो तिथल्या तिथे नवा संदेश पाठवू शकतो आणि पुन्हा तोच लॉक मागतो. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याचं त्याने ओळखलं. समासात मी मोठी बरोबरची खूण केली. आईंनी आठळ्या भाजून आणून ठेवल्या होत्या, त्या गार झाल्याचं नंतर लक्षात आलं.

लाइट आल्यावर चाचणी घेतली. क्यूईएमयू या, सॉफ्टवेअरनेच अख्खं मशीन उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये बीएमसीचं काम बाहेरच्या प्रोग्रामकडे सोपवता येतं. माझी एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे, ती ठरवलेल्या संदेशानंतर तोंड मिटते. यात एक खाच आहे, नवीन माणसाने जरूर लक्षात ठेवावी: बाहेरून ४ सेकंदांत उत्तर आलं नाही तर क्यूईएमयू स्वतःच 'टाइमआउट' असं उत्तर तयार करून देतं. म्हणजे खरी शांतता ड्रायव्हरपर्यंत पोहोचतच नाही आणि चाचणी फुकट पास होते. मी माझ्या बिल्डमध्ये तेवढा भाग काढून टाकलाय. तीनशे वेळा गप्प केलं, लॉकच्या चुका पकडणारं लॉकडेप आणि मेमरीच्या चुका पकडणारं केसॅन दोन्ही चालू ठेवून. एकही प्रोसेस अडकली नाही, एकही तक्रार उमटली नाही. पहिल्या सहा पॅचवर रात्री बाराच्या सुमारास रिव्ह्यू केला म्हणून माझं नाव घातलं.

सातवा अडवून ठेवलाय. बीएमसी गेला असं ठरल्यावर काही काळ त्याला काहीच पाठवायचं नाही, फक्त अधूनमधून ओळखीचा साधा प्रश्न विचारून जिवंत आहे का बघायचं, असं त्यात आहे. तेवढं पटतं. पण वॉचडॉगचं काय? तो टायमर बीएमसीच्या आत चालतो. सर्व्हरने ठरल्या वेळात 'मी ठीक आहे' कळवलं नाही तर बीएमसी सर्व्हरला रीसेट करतो. समजा बीएमसी मेलेला नव्हता, नुसता दहा सेकंद कामात होता. आपण बोलणं थांबवलं, त्याचं घड्याळ मात्र चालूच राहिलं, आणि धडधाकट सर्व्हर त्याने आपल्या हाताने पाडला. बुधवारी सकाळी फोनवर मी त्याला हे विचारलं. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, वॉचडॉगचा संदेश त्या बंदीतून वगळला तर?" वगळता येईल. पण मेलेल्या बीएमसीपुढे तोही ५ सेकंद अडकणार, आणि कोणाच्या वाट्याचे ५ सेकंद ते बघायला हवं. शुक्रवारपर्यंत तो नवीन आवृत्ती पाठवतोय. तोवर वॉचडॉगचा कोड मीही पहिल्यापासून वाचायला घेतलाय.