शाळा की हॉल? एका रकान्यापायी चार महिने

नाशिकच्या सातपूरमधल्या कामगार वस्तीतल्या सरकारी हायस्कूलचं काम आम्हा आर्किटेक्टांकडे आलं तेव्हा अट एकच होती: शाळा सुटली की इमारतीला कुलूप लागायचं नाही. पहाटे मैदानावर चालायला येणारी मंडळी, संध्याकाळी एमपीएससीच्या पोरांना अभ्यासिका, रविवारी हॉलमध्ये बचत गट. नकाशे दीड महिन्यात झाले.

अडलं ते बांधकाम परवानगीच्या अर्जाशी. ‘इमारतीचा वापर’ या रकान्यात एकच पर्याय निवडता येतो. मी ‘शैक्षणिक’ निवडला. फाईल परत: ‘सभागृह दर्शविले आहे, खुलासा करावा.’ खुलासा दिला. पुन्हा परत: ‘वापर निश्चित करावा.’ दर वेळी टेबलामागचे साहेब हॉलवर बॉलपेन टेकवत विचारायचे, ‘‘मॅडम, ही शाळा आहे की मंगल कार्यालय?’’ तिसऱ्या खेपेला बघितलं, तर नकाशातल्या हॉलभर निळे ठिपके पडले होते. मी म्हटलं, ‘‘दोन्ही नाही.’’ तर म्हणे, ‘‘मग तसा रकाना नाही आमच्याकडे.’’ त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून चांगली दहा मिनिटं बडबडले.

घरी येऊन राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ काढली ती त्यांना खोटं पाडायला. आणि मीच अडकले. शैक्षणिक वापराला माणशी ४ चौ.मी. धरतात, सुट्या खुर्च्या मांडलेल्या सभागृहाला ०.६५. म्हणजे आमचा १८० चौ.मी.चा हॉल शाळा म्हणून ४५ जणांचा आणि सभागृह म्हणून सुमारे पावणेतीनशे जणांचा! बाहेर पडायला दार मात्र आम्ही वर्गाला देतो तेवढंच, एक मीटरचं, ठेवलेलं. हे एवढंच शेऱ्यात लिहिलं असतं तर दोन महिने वाचले असते. पण मलाही आधी दिसायला हवं होतं, हे खरं.

मग हॉल पहिल्या मजल्यावरून खाली, रस्त्याच्या बाजूला आणला. स्वतंत्र गेट, दोन-दोन मीटरची बाहेर उघडणारी दोन दारं. वर्गांचा जिना दुसरीकडे उतरतो, त्यामुळे मधल्या पॅसेजला कुलूप लावलं तरी कोणी अडकत नाही. नकाशावर दोन रंग, माणसांच्या हिशोबाचे दोन तक्ते, आणि संहितेच्या पानाची झेरॉक्स पिवळा मार्कर मारून वर लावली. हे पहिल्याच सबमिशनला करा. रकान्यात शेवटी ‘शैक्षणिक’च राहिलं, फाईल अकरा दिवसांत सुटली.

स्वच्छतागृहाचं एक दार बाहेरून हवंच, नाहीतर संध्याकाळी शिपायाला अख्खी शाळा उघडावी लागते. आणि हो, अभ्यासिकेला वीजमीटर वेगळा घ्या. आम्ही विसरलो. मुख्याध्यापकांचा दर महिन्याला फोन येतो, ‘‘मॅडम, रात्रीच्या पंख्यांचं बिल मी कुठल्या खात्यात दाखवू?’’