आईला नळी घालायची की नाही, माझा अनुभव

उत्तरायणच्या दुसऱ्या दिवशी आईला ॲडमिट केलं. वय 83, स्मृतिभ्रंश सात वर्षांपासून, गेलं वर्षभर तर आम्हाला कोणालाच ओळखत नव्हती आणि आता गिळणंच विसरायला लागली होती. घास तोंडात धरून ठेवायची, मग ठसका, मग ताप, एक्स-रे काढला तर न्यूमोनिया, दोन महिन्यांतला दुसरा.

हॉस्पिटलमध्ये नाकातून रायल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न सोडायची नळी, घातली. ती तिने रात्री ओढून काढली, परत घातली आणि मग दोन्ही हात बेडच्या कठड्याला पट्टीने बांधले. मी सकाळी गेले तेव्हा ते हात बघितले. बडोद्याच्या दांडिया बाजारच्या घरात पन्नास वर्षं रोज देवाचं ताट वाढणारे हात ते, मनगटाला लाल वळ उठलेले. मी पट्टी सोडायला लावली, अर्ध्या तासात तिने नळी परत काढली. डॉक्टर म्हणाले, मग पोटातून कायमची नळी बसवू, तुम्ही घरचे ठरवून सांगा.

दादा म्हणाला बसवायचीच, आईला उपाशी मारायचंय का तुला. मावशीचा पुण्याहून फोन, अन्न हे पूर्णब्रह्म म्हणतो ना आपण, आणि पोटची मुलगी असून तू तिचं अन्न तोडतेस? त्यानंतर दोन रात्री मला झोप नाही.

डॉक्टरी उत्तर तसं मिळालं होतं. ओळखीतून एक पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, डॉक्टर भेटल्या, त्यांनी शांतपणे समजावलं की स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असं दिसून आलेलं नाही, न्यूमोनियाही टळत नाही कारण लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न श्वासनळीत जातंच, आणि शरीर थकत आलं की भूकच कमी होते, न खाल्ल्यामुळे माणूस जातो असं नसतं, जायला निघालेला असतो म्हणून खात नाही. सगळं पटलं. पण मला विचारायचं होतं ते वेगळंच, हे पाप आहे का? ते त्यांना कसं विचारणार.

घरचे गुरुजी आले, महामृत्युंजयाचा जप केला, घर शांत झालं, पण या प्रश्नावर ते म्हणाले डॉक्टर सांगतील तसं करा. त्यांना मी दोष देत नाही. आणखी एकांनी पत्रिका मागितली, शनी बघू म्हणाले, तिथून मी उठूनच आले.

मग गुरुवारी गरुडेश्वरला गेलो. आई तिथे नेमाने जायची, दत्तभक्त संत टेंबे स्वामींची समाधी आहे तिथे, 1914 सालची, नर्मदेच्या काठावर. ह्यांनी गाडी काढली, डभोई, तिलकवाडा करत पोचलो, दर्शन झालं आणि मी पायरीवर बसून रडायलाच लागले. देवळात सेवा करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, आईला चेहऱ्याने ओळखायचे. त्यांनी आधी चहा दिला. मग सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि नंतर फक्त विचारलं, घास पुढे केला तर तोंड उघडते का? मी म्हटलं कधी उघडते, कधी मान फिरवते. म्हणाले, "नैवेद्य आपण दाखवतो ना, देवाच्या तोंडात कोंबत नाही. ताट ठेवायचं, पाणी फिरवायचं, डोळे मिटून थांबायचं. दाखवायचं सोडलंत तर चूक. तिने मान फिरवल्यावर थांबलात, त्यात पाप कुठून आलं?"

थोडं थांबून म्हणाले, पण मी सांगितलं म्हणून करू नका, आणि भावाला एकटं पाडून तर अजिबात करू नका.

हे दुसरं वाक्य मला जास्त उपयोगी पडलं, कारण मी खरंच घरी जाऊन दादाला हरवायच्याच तयारीत होते. त्या रात्री त्याला काही पटवायला गेले नाही, नुसतं विचारलं की तुला कशाची भीती वाटते. आधी चिडला, म्हणाला नारेश्वरला रंग अवधूत महाराजांनी विरक्त असून आईला जवळ ठेवलं आणि आपण आईला वाऱ्यावर सोडतोय. मग एकदम म्हणाला, बाबा गेले तेव्हा मी साइटवर होतो, तोंडात पाणी घालायला पोचलो नाही. वीस वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. मी म्हटलं दादा, कोणी सोडत नाहीये, तिला घरी आणू आणि भरवायचं काम तू घे.

नळी बसवायची नाही असं डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहून घेतलं, आम्ही दोघांनी सह्या केल्या. शेवटी कोणते उपचार नकोत हे आईने आधी काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये असं आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि 2023 मध्ये ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आम्ही दोघा नवराबायकोंनी आता आमचं केलंय.

घरी गिळण्याच्या थेरपिस्टनी शिकवलं. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अर्धाच चमचा, गिळलं याची खात्री झाल्याशिवाय पुढचा नाही, पाणीसुद्धा दाट करून, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पेज, शिरा, पातळ खिचडी. नको असेल तेव्हा ओल्या कापसाने ओठ पुसायचे. दादा ऑफिसच्या आधी आणि नंतर यायचा. सुरुवातीला तिने तोंड मिटलं की त्याचा चेहरा पडायचा, सांभाळायला येणारी बाई म्हणायची, भाई, बा ना पाडे छे, रहेवा दो (बा नको म्हणतायत, राहू द्या). हळूहळू तो वाटी खाली ठेवून तिचा हात धरून बसायला शिकला. कधी दहा मिनिटांनी ती आपणहून तोंड उघडायची.

मे महिन्यात आई गेली, घरी, पहाटे. तोपर्यंत मावशी माझ्याशी बोलत नव्हती. बाराव्याला आली, कोपऱ्यात बसून राहिली, पानं वाढायच्या आधी मला आत बोलावून विचारलं, शेवटचं काय खाल्लं गं तिने? मी सांगितलं, रविवारी आमरस, तीन चमचे, दादाच्या हातचा. म्हणाली, हापूसचा का? हो म्हटलं. मग ती उठली आणि आईच्या नावाचं पान स्वतः वाढायला घेतलं.